रॅप मेला म्हणे! मग हे बोलतंय कोण? (ऐकण्यासारखे नवे हिप-हॉप सुचवा)

चौथीमात्रा

मंडळी,

ऑक्टोबर २०२५ मध्ये बिलबोर्ड मासिकाच्या 'हॉट १००' या अमेरिकेतल्या गाजणाऱ्या गाण्यांच्या यादीत पहिल्या चाळिसांत एकही रॅप गाणं उरलं नाही. १९९० नंतर पहिल्यांदाच. झालं, लगेच सगळीकडे हिप-हॉपचे मृत्युलेख यायला लागले. मी ते वाचत होतो आणि कानात हेडफोन होता, आणि कानात जे चाललं होतं ते काही मढं वाटत नव्हतं.

मृत्युलेखवाल्यांनी एक बारीक गोष्ट बहुतेक वेळा गाळली. यादीतून शेवटी गेलं ते केंड्रिक लमार आणि सिझा यांचं 'लूथर'. तेरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलेलं गाणं, तोवर ४६ आठवडे यादीत होतं आणि ३८ व्या जागेवर घसरलं होतं. बिलबोर्डने नुकताच नियम कडक केला होता: २६ आठवडे झाले आणि गाणं २५ च्या खाली उतरलं की बाहेर. म्हणजे बोरिवलीची गाडी रद्द झाली म्हणून मुंबई रिकामी झाली म्हणण्यातला प्रकार. (मागून नवीन गाणं वर चढत नव्हतं हेही खरंच, ते नाकारत नाही.)

तर चार्ट बाजूला ठेवू. गेल्या दीड-दोन वर्षांत मला स्वतःला परत परत ऐकावंसं वाटलेलं सांगतो, तुम्ही भर घाला.

पहिला मान क्लिप्सचा. पुशा टी आणि मॅलिस, सख्खे भाऊ. २००९ नंतर दोघांचा एकत्र अल्बम नव्हता. थोरला मॅलिस मधल्या काळात धर्माकडे वळला, नावसुद्धा 'नो मॅलिस' करून घेतलं. ११ जुलै २०२५ ला 'लेट गॉड सॉर्ट एम आउट' आला, संगीत फॅरेल विल्यम्सचं. पहिलंच गाणं आईवडिलांवर, दोघेही काही महिन्यांच्या अंतराने गेले. आईबद्दल धाकटा बोलतो, वडिलांबद्दल थोरला. पुशा टी एरवी बर्फासारखा थंड बोलणारा माणूस. इथे तो आईशी झालेली शेवटची बोलणी आठवतो, आपल्याला तेव्हा ती कळली कशी नाहीत हे सांगतो, आणि आवाज जरासुद्धा चढवत नाही. मला तिथे गाणं थांबवावं लागलं होतं. दोघेही पन्नाशीच्या आसपास आहेत. रॅप हा पोरांचा खेळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी इथून सुरुवात करा.

दुसरी डोची. फ्लोरिडातल्या टॅम्पाची. ३० ऑगस्ट २०२४ ला 'ॲलिगेटर बाइट्स नेव्हर हील' ही मिक्सटेप आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिला सर्वोत्तम रॅप अल्बमचं ग्रॅमी मिळालं. या विभागात बाई जिंकण्याची ही फक्त तिसरी वेळ. आधी फ्युजीज या गटातून लॉरिन हिल (१९९७) आणि नंतर कार्डी बी (२०१९).

तिसरा जेआयडी, अटलांटाचा. त्याच्याबद्दल खाली कोणीतरी लिहीलच, म्हणून थांबतो.

माझा एक हट्ट आहे, आधीच सांगून टाकतो. पहिल्या फेरीला शब्द उघडून बसू नका. नुसता आवाज ऐका. श्वास कुठे घेतो, ठोक्याच्या पुढे बोलतो की मागे रेंगाळतो, एवढंच. शब्द दुसऱ्या फेरीला.

—

लेखणीबहाद्दर

धागा छान, पण शेवटच्या परिच्छेदाशी कडाडून असहमत. रॅपमधून शब्द काढले तर उरतं काय? ढोलकी. मी उलटं करतो. आधी शब्द वाचतो, कवितेसारखे, मग गाणं लावतो.

आणि शब्दांसाठीच ऐकायचं तर रॅपर ईसॉप रॉक. २०१४ मध्ये एका अभ्यासकाने रॅपर मंडळींच्या गाण्यांतले पहिले ३५,००० शब्द घेऊन त्यात वेगवेगळे शब्द किती ते मोजलं होतं. ईसॉप रॉक पहिला, सात हजारांच्या वर. त्याचा 'ब्लॅक होल सुपरेट' मे २०२५ मध्ये आलाय. हा पठ्ठ्या पंचवीस-एक वर्षं असाच लिहितोय आणि अजून दमलेला नाही. ते नुसत्या आवाजावर ऐकून दाखवा बघू!

—

चौथीमात्रा

@लेखणीबहाद्दर, ईसॉप रॉकच्या बाबतीत शरणागती. तो शब्द उघडून सुद्धा कळत नाही, ही वेगळी गोष्ट. :-)

—

खडूस_काका

आमच्यासारख्या जुन्या खोडांना एक सांगा. यात गाणं कुठे आहे? सूर नाही, बंदिश नाही, एक माणूस तावातावाने भांडतोय आणि मागे तीच ती दोन सेकंदांची तबकडी अडकलीय. नातू लावतो तेव्हा मी शांतपणे दुसऱ्या खोलीत जातो.

—

तिहाई

काका, नमस्कार. मी तबला वाजवतो (बरा वाजवतो असं इतर म्हणतात), म्हणून माझ्या बाजूने सांगून बघतो.

रॅपमध्ये सूर शोधला तर तुमची निराशाच होणार. लय शोधा. चार ठोक्यांचा एक बार, प्रत्येक ठोक्याचे चार भाग, म्हणजे सोळा. आपल्या त्रितालाच्या सोळा मात्रांइतकंच घर, फक्त आवर्तन फार आखूड. एका कडव्याला साधारण सोळा बार मिळतात. ठोका मिनिटाला ९० असेल तर हे सगळं ४३ सेकंदांत संपतं. तेवढ्या वेळात त्याला जे काय सांगायचंय ते सांगायचं, यमक जुळवायचं, श्वास चोरायचा आणि समेवर यायचं. किंवा मुद्दाम यायचं नाही.

आता जेआयडी. 'गॉड डज लाइक अग्ली', ८ ऑगस्ट २०२५. हा माणूस चतुश्रातून (ठोक्याचे चार भाग) तिश्रात (तीन भाग) जातो तेव्हा सांधा दिसत नाही. तिश्रातलं बोलणं तसं नवं नाही, मिगोस या रॅप गटाने २०१३ नंतर ते इतकं लोकप्रिय केलं की पुढे जो तो तेच करायला लागला आणि कान किटले. जेआयडी तेच बोल घेतो, पण एका ओळीपुरतं. तुम्ही म्हणता अरे हा आता तिप्पट चालणार, तोवर तो परत चौपटीत, आणि मधेच अर्धा ठोका मोकळा सोडलेला. मी एकदा त्याच्या कडव्याला मांडीवर ठेका धरायला गेलो, चौथ्या बारला हात चुकला. परत लावलं. परत तिथेच चुकला. माझाच हात चुकतोय हे कळायला मला तिसरी खेप लागली, तोवर मी त्याच्याच नावाने खडे फोडत होतो.

काका, त्या अल्बमचं नाव आजीच्या म्हणीवरून आहे. आजी म्हणायची देवाला कुरूप काही आवडत नाही. नातवाने ते उलटं केलं. नातवंडांचा तो धर्मच आहे.

—

अर्धवट

तिहाईदादा दंडवत _/\_ 

त्याच अल्बममध्ये 'कम्युनिटी' नावाच्या गाण्यात क्लिप्सचे दोघे भाऊ पण आहेत, म्हणजे धागाकर्त्यांचे एक नंबर आणि तीन नंबर एकाच ठिकाणी. कडक.

माझी भर: एसडीकिड. लिव्हरपूलचा, तोंड झाकून असतो, 'रेबेल' २०२५ मध्ये आला. त्याचे लिव्हरपूली उच्चार इतके जाड की इंग्लंडमधल्यांना पण खालचे शब्द वाचावे लागतात म्हणे. मधे अफवा उठली होती की मुखवट्यामागे नट टिमोथी शालामे आहे. डिसेंबरात दोघांनी मिळून एका गाण्याची नवी आवृत्तीच काढली आणि दोघं शेजारी शेजारी उभे, विषय संपला. हाकानाका.

बीट (बोलण्यामागचं संगीत) घाणेरड्या आहेत. चांगल्या अर्थाने. स्पीकर फाटल्यासारखा आवाज मुद्दाम ठेवलाय.

—

खडूस_काका

स्पीकर फाटल्यासारखा आवाज मुद्दाम. धन्य आहे.

तिहाईंचं मात्र पटलं, निदान समजलं. पण आठ मिनिटं विलंबित ऐकायची सवय असलेल्या माणसाला ४३ सेकंदांचा हिशोब कशाला सांगता? घाई कसली आहे?

—

गोधडी

काका, घाई नसलेलं रॅपही असतं की! मी सुचवते, बघा.

'का' नावाचा रॅपर होता. प्रश्न नाही हो, नावच 'का'. ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिलचा. नोकरी न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात, कॅप्टन. नोकरी सांभाळून अल्बम स्वतः लिहायचा, स्वतः संगीत करायचा, स्वतःच काढायचा, आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहून आपल्या हाताने विकायचा. त्याच्या संगीतात ढोल जवळजवळ नसतातच. एक लूप, म्हणजे संगीताचा तोच तुकडा, हळूहळू फिरत राहतो आणि हा घोगऱ्या आवाजात, कानाशी येऊन बोलल्यासारखा. शेजारच्या खोलीत कोणी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाहीये, अशा बेताने. शेवटचा अल्बम 'द थीफ नेक्स्ट टू जीझस', ऑगस्ट २०२४. ऑक्टोबरात तो गेला, ५२ वर्षांचा होता. नवीन म्हणून सुचवावं की नाही कळेना, पण ज्यांनी ऐकलेला नाही त्यांना नवाच.

त्याच वळणाचे आणखी दोघे. बिली वुड्स, याचा चेहरा कुठल्याही फोटोत धड दिसत नाही, कायम झाकलेला किंवा पुसट केलेला. वडील झिम्बाब्वेचे, आई जमैकाची, इंग्रजी साहित्याची प्राध्यापक. लहानपणचा काही काळ झिम्बाब्वेत. मे २०२५ चा 'गॉलिवॉग' ही भयकथा आहे. नाव त्या काळ्या बाहुलीचं, जी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गोऱ्या मुलांच्या पुस्तकांतून आली. रात्री ऐकू नका. मी ऐकला आणि मग उगाच दार लावलंय का ते बघून आले.

दुसरा अर्ल स्वेटशर्ट, 'लिव्ह लाफ लव्ह', ऑगस्ट २०२५. वडील केओरापेत्से खोसित्सिले, दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्रकवी. बापाशी नातं अवघड, ते जुन्या अल्बमांत भरपूर आलंय. आता हा स्वतः बाप झालाय आणि तो सूर इथे लागलाय. अख्खा अल्बम अर्ध्या तासाच्या आत संपतो. शब्द पुटपुटल्यासारखे, अर्धे गिळलेले. इथे मात्र मी चौथीमात्रांच्या पक्षात: आधी आवाजच ऐका, कारण शब्द पहिल्या फेरीला हाती लागतच नाहीत.

—

लेखणीबहाद्दर

'का'ची ओळख करून दिल्याबद्दल आभार, काल रात्री पूर्ण ऐकला. सकाळी परत. (शब्द उघडूनच. मोडेन पण वाकणार नाही.)

—

निमिषार्ध

अज्ञानी प्रश्न. मिक्सटेप आणि अल्बममध्ये फरक काय? धागाकर्त्यांनी डोचीच्या कामाला मिक्सटेप म्हटलंय आणि पुढे लगेच अल्बमचं बक्षीस मिळालं असं लिहिलंय.

आणि डोची मी आत्ताच ऐकली, ते 'डिनायल इज अ रिव्हर'. ही कोणाशी बोलतेय? मधेच दुसराच आवाज.

—

चौथीमात्रा

अज्ञानी अजिबात नाही. पूर्वी मिक्सटेप म्हणजे दुसऱ्यांच्या बीटवर बोलून फुकट वाटलेली कॅसेट किंवा सीडी, कंपनीच्या हिशोबाबाहेरची. आता ती पैसे देऊनच ऐकायची असते आणि बीटही स्वतःच्या असतात, तेव्हा फरक उरलाय तो कलाकाराच्या मनात. 'हे माझं अधिकृत पहिलं पुस्तक समजू नका' एवढाच अर्थ. ग्रॅमीवाल्यांना तो फरक मान्य नसावा. :-)

आता ते गाणं. दुसरा आवाजही तिचाच आहे, समुपदेशकाचं सोंग घेतलेला. तो विचारतो, काय चाललंय, मोकळी हो. ही सांगायला लागते: प्रियकराने फसवलं ती हकिगत, मग प्रसिद्धी, पैसा, नशा. सांगता सांगता तिचा आवाज वर जातो, पट्टी बदलते, शब्द एकमेकांवर चढतात. आपण बरे आहोत असं ती म्हणते तेव्हाच ती बरी नाहीये हे ऐकणाऱ्याला कळून चुकतं. शेवटी समुपदेशक म्हणतो, श्वासाचा व्यायाम करू. ती श्वास घेते, सोडते, घेते, सोडते, आणि तो श्वासच ठेका होतो. धाप लागलीय की ताल धरलाय, सांगता येत नाही.

माझा 'आधी आवाज ऐका' हा हट्ट या गाण्यातूनच आलाय. ते श्वास कागदावर लिहून काढा, काहीही दिसणार नाही. लेखणीबहाद्दर, घ्या उत्तर.

—

लेखणीबहाद्दर

घेतलं. एका गाण्यापुरतं.

—

धूळपाटी

चर्चा अमेरिकेतच अडकलीय म्हणून काडी टाकतो. मला गेली काही वर्षं सगळ्यात ताजं लेखन लंडनमधून येतंय असं वाटतं.

रॅपर लिटल सिम्झला २०२२ मध्ये मर्क्युरी हे ब्रिटनमधलं अल्बमचं पारितोषिक मिळालं. जून २०२५ चा 'लोटस' हा ज्या संगीत-निर्मात्यासोबत तिने आजवरचं सगळ्यात गाजलेलं काम केलं त्याच्याशी फाटल्यानंतरचा. पहिल्याच गाण्यात ती त्याला चोर म्हणते, नाव न घेता. संताप आहे, पण मोजूनमापून. पुढे अल्बम निवळत जातो, वादक खरेखुरे असल्यामुळे खोलीत बसून ऐकल्यासारखं वाटतं.

जिम लेगसी हे नाव लक्षात ठेवा. लंडनचाच. २०२३ मध्ये डेव्ह आणि सेंट्रल सी या रॅपरांचं 'स्प्रिंटर' इंग्लंडात दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, त्याच्या निर्मात्यांत हा होता. जुलै २०२५ मध्ये त्याची 'ब्लॅक ब्रिटिश म्युझिक' ही मिक्सटेप आली. रॅप आहे, गिटार आहे, मधेच आफ्रोबीट, मधेच रेडिओवरच्या निवेदकासारखा ओरडणारा आवाज. पहिल्यांदा ऐकताना कोणीतरी सारखं स्टेशन बदलतंय असं वाटतं. तिसऱ्यांदा ऐकताना कळतं की बदलणाऱ्याला नेमकं काय हवंय ते ठाऊक आहे. उगवता म्हणायचं तर मी याच्यावर पैज लावेन.

आणि डेव्ह. 'द बॉय हू प्लेड द हार्प', ऑक्टोबर २०२५. त्याचं खरं नाव डेव्हिड. बायबलमध्ये शौल राजाला पछाडलं की डेव्हिड नावाचा पोरगा वीणा वाजवून त्याला शांत करतो; पहिला शमुवेल, अध्याय सोळा. अल्बममधल्या एका गाण्याचं नावच 'चॅप्टर सिक्स्टीन'. दोन पिढ्यांचे रॅपर टेबलाशी बसून बोलतायत, बस इतकंच आहे ते. सहा-सात मिनिटं. मला रॅपमध्ये इतकं साधं संभाषण फार क्वचित ऐकायला मिळालंय.

—

अर्धवट

'सारखं स्टेशन बदलतंय' +१

—

खडूस_काका

वादक खरेखुरे असलेलं काही? तबकडी अडकलेलं नको.

—

गोधडी

काका, मॅकिन्ली डिक्सन! 'मॅजिक, अलाइव्ह!', जून २०२५. ट्रंपेट, हार्प, तंतुवाद्यं, मागे गाणारे कोरस, सगळा जॅझचा ताफा. याच्या आधीच्या अल्बमचं नाव टोनी मॉरिसनच्या तीन कादंबऱ्यांच्या नावांवरून होतं, म्हणजे वाचणारा माणूस आहे.

पण 'तबकडी अडकलीय' हे मनाला लागलं, कारण माझा आयडी बघा. सॅम्पलिंग (जुन्या गाण्याचा तुकडा कापून नव्यात वापरणं) म्हणजे गोधडीच आहे. जुन्या लुगड्याचा तुकडा घ्यायचा, काठ दिसेल असा फिरवून शिवायचा. अरीथा फ्रँकलिनचं 'वन स्टेप अहेड' हे साठच्या दशकातलं गाणं घ्या. १९९९ मध्ये रॅपर मॉस डेफने त्याचा तुकडा वापरला, २०२२ मध्ये जेआयडीने 'सराउंड साउंड'मध्ये तोच तुकडा परत घेतला. तीन पिढ्यांचं एकच कापड. ज्याला ओळखू येतं त्याला तीन गाणी एकदम ऐकू येतात.

आणि त्या कापडाचे पैसे चुकते केले नाहीत की काय होतं ते डे ला सोल या रॅप त्रिकुटाला विचारा. त्यांचे १९८९ पासूनचे सुरुवातीचे अल्बम वर्षानुवर्षं स्ट्रीमिंगवर नव्हतेच. शेकडो तुकडे, आणि जुन्या करारांत असल्या ऐकण्याची सोयच नव्हती. ३ मार्च २०२३ ला एकदाचे आले, आणि तिघांपैकी ट्रुगॉय त्याच्या तीन आठवडे आधी गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांचा 'केबिन इन द स्काय' आलाय. त्यात ट्रुगॉयचा आवाज आहे. मृत्यूबद्दलचा अल्बम इतका हसरा असू शकतो हे मला माहीत नव्हतं.

—

तिहाई

रच्याकने, 'तबकडी अडकलीय' ही तक्रार नाहीच, तोच तर जन्म आहे. ११ ऑगस्ट १९७३, ब्रॉन्क्समध्ये सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत पार्टी. डीजे कूल हर्कने बघितलं की लोक गाण्यापेक्षा गाण्यातल्या नुसत्या ढोलाच्या तुकड्यावर जास्त नाचतात. पुढे त्याने दोन तबकड्या घेऊन तेवढाच तुकडा आलटून पालटून लांबवायला सुरुवात केली. म्हणजे तबल्यासोबत पेटीवर तीच धून फिरवत लेहरा धरल्यासारखं. लेहरा ऐकताना कोणी म्हणत नाही की पेटीवाला तेच तेच वाजवतोय.

—

खडूस_काका

लेहऱ्याचं उदाहरण देऊन तुम्ही मला कोपऱ्यात गाठलंत.

—

निमिषार्ध

सगळं इंग्रजीच? आपल्याकडचं काही?

—

अर्धवट

हनुमानकाइंड तर सगळ्यांना माहितीच. 'बिग डॉग्स', जुलै २०२४, मौत का कुआँमधला व्हिडिओ, 'हॉट १००' मध्ये २३ व्या नंबरपर्यंत. जुलै २०२५ मध्ये 'मॉन्सून सीझन' मिक्सटेप. माझं मत: मिक्सटेपमध्ये दोन-तीन गाणी त्या एका गाण्याहून भारी आहेत पण लोक तिथवर पोचतच नाहीत.

दिल्लीचे सीधे मौत. हिंदी रॅपमध्ये जोडीने बोलणं यांच्याकडून शिकावं. एकाची ओळ संपायच्या आत दुसरा आत घुसलेला असतो.

मराठीत 'तांबडी चामडी' २०२४ ला गाजलं, पण तो मुळात हाऊस संगीताचा (क्लबात नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा) प्रकार, रॅप म्हणून त्याच्याकडे बघू नका. वऱ्हाडी ऐकायचं तर अमरावतीचा १०० आरबीएच. शंभर म्हणजे सौ, पुढचं तुम्हीच वाचा: सौरभ.

—

धूळपाटी

स्वदेशी राहिले. मुंबईचा हा गट अनेक भाषांत बोलतो. एमसी मवाली मराठीत, एमसी तोडफोड गुजरातीत बोलायचा, तो मार्च २०२२ मध्ये ऐन तारुण्यात गेला. २०१९ चं 'द वारली रिव्होल्ट' आरेच्या जंगलावर, सोबत तिथलेच आदिवासी गायक प्रकाश भोईर. नवं नाही, पण मराठीतलं रॅप म्हणजे नुसतं 'आपला माणूस, आपला राडा' असं वाटणाऱ्यांनी ऐकावं.

त्याच संदर्भात नीकॅप. बेलफास्टकडचे तिघे, आयरिश भाषेत रॅप करतात. आयर्लंडच्या उत्तर भागात त्या भाषेला कायद्याने मान्यता मिळाली ती २०२२ मध्ये. जून २०२४ च्या 'फाइन आर्ट'मध्ये अख्खा अल्बम एका काल्पनिक पबमध्ये घडतो. भाषा जपायची म्हणजे काचेच्या कपाटात ठेवायची, ही कल्पना हे लोक लाथेने उडवतात. त्यांच्या आयरिशमध्ये शिव्या आहेत, नशा आहे, पोलिसांशी लपाछपी आहे. मराठी भाषा दिनाच्या भाषणात ज्यातलं काहीही सापडणार नाही ते सगळं.

—

लेखणीबहाद्दर

आयरिश तुम्हाला कळतं?

—

धूळपाटी

एक शब्द नाही.

—

चौथीमात्रा

:-) मी काही बोलत नाही.

—

लेखणीबहाद्दर

बोलू नकाच. तरी एक विचारतो. केंड्रिक लमार आणि ड्रेक या रॅपरांनी २०२४ मध्ये एकमेकांवर गाणी काढली, त्या कलगीतुऱ्यात लोक काय ऐकत होते? शब्दच ना? कोणी कोणावर काय आरोप केला, कुठल्या ओळीत कोणाला टोमणा. तिथे नुसता आवाज ऐकून काय हाती लागलं असतं?

—

तिहाई

मला वाटतं तिथेसुद्धा दोन्ही. त्या भांडणात दोन्हीकडून कितीतरी गाणी आली, मे २०२४ च्या सुरुवातीला तर एकामागून एक. आरोप सगळ्यांतच होते. लोकांच्या तोंडी राहिलं ते एकच, केंड्रिकचं 'नॉट लाइक अस', कारण त्यावर नाचता येतं. संगीत-निर्माता मस्टर्डने केलेला तो ठेका काढून घ्या आणि तेच आरोप दुसऱ्या एखाद्या संथ बीटवर ठेवा. ती गाणीही आहेतच, आता कोण लावतं? पाच ग्रॅमी त्या एकाला मिळाली. आपल्या शाहिरांच्या सवाल-जवाबातही जो हरला त्याचा मुद्दा चुकीचा होता असं नाही, समोरच्याच्या डफावर लोक उठून उभे राहिले एवढंच.

अवांतर: नोव्हेंबर २०२४ ला आगाऊ घोषणा न करता आलेला केंड्रिकचा 'जीएनएक्स' मी त्या भांडणाच्या नादात नीट ऐकलाच नव्हता. आता भांडण विसरून ऐकतोय, वेगळाच अल्बम वाटतो.

—

गोधडी

टायलर द क्रिएटरला कोणीच घेतलं नाही? सगळं जग शुक्रवारी अल्बम काढतं, हा सोमवारी काढतो. 'क्रोमाकोपिया' ऑक्टोबर २०२४, सोमवार. 'डोन्ट टॅप द ग्लास' जुलै २०२५, परत सोमवार. त्याचं म्हणणं, शनिवार-रविवारी लोक पार्टीत अर्धवट कानाने ऐकतात, सोमवारी कामावर जाताना नीट ऐकतात. दुसरा तर नाचण्यासाठीच आहे, अर्ध्या तासाच्या आत संपतो. कोणीतरी आपल्याला फोनवर टिपेल या भीतीने माणसं नाचायचीच थांबलीत अशी त्याची तक्रार आहे.

मी स्वयंपाकघरात एकटी असताना लावते. कोणी टिपत नाही.

आणि रॅप्सडीचा 'प्लीज डोन्ट क्राय' (मे २०२४) राहून जाऊ नये. मोठा आहे, मधे जरा पसरतो, तरीही ऐका.

—

अर्धवट

'अर्धवट कानाने' हा माझा अपमान समजू का

—

खडूस_काका

अहवाल देतो.

'का': दोनदा ऐकला. अग्निशमन दलातल्या माणसाचा आवाज आहे हे सांगितलं नसतं तरी कळलं असतं. मॅकिन्ली डिक्सन: वादक उत्तम, बोलणाऱ्याने मधे मधे थांबून त्यांना जागा दिली असती तर बरं. एसडीकिड: तीस सेकंद. त्याहून जास्त माझ्याच्याने झालं नाही, कृपया आग्रह करू नये. डोचीच्या त्या श्वासांना नातवाने मला सांगून मग लावलं, आणि मी तिहाई म्हणतात तसा मांडीवर हात ठेवून बसलो. सम कुठे आहे ते दोनदा सापडलं, तिसऱ्यांदा नाही.

डेव्हच्या त्या सोळाव्या अध्यायात एक अडचण आली. दोन माणसं टेबलाशी बसून बोलतायत हे समजलं, पण थोरला कोण आणि धाकटा कोण? आवाजावरून मला दोघे एकाच वयाचे वाटले.

—

धूळपाटी

थोरला कानो, काका. त्याचा पहिला अल्बम २००५ चा. डेव्ह तेव्हा सात वर्षांचा होता.